दुभाष्याची निवड

एखादी नवी वस्तु घरांत आणावयाची म्हणजे तिला मराठींत काय म्हणावें, हा प्रश्न आम्हांस तिच्या किंमतीच्याही आधीं पडतो. ही आमची जुनी खोड आहे, आणि ती सुटण्याचें आमचें वय आतां राहिलेलें नाहीं. इंग्रजींत जिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्या लहानशा डबीनें या बाबतींत आमची पुष्कळ परीक्षा पाहिली. मायक्रोफोनमधून निघालेला अतिक्षीण विद्युत्प्रवाह घ्यावयाचा, तो वाढवावयाचा, त्याचे दर सेकंदाला सहस्रावधि अंक करावयाचे आणि ते संगणकाच्या अगर मोबाइलच्या स्वाधीन करावयाचे. उलट त्यांच्याकडून आलेल्या अंकांचा पुन्हां आवाज करून तो हेडफोनमध्यें सोडावयाचा, एवढें तिचें काम. "ध्वनिसंयोजक", "ध्वनिसेतु" अशीं भारदस्त नांवें मनांत येऊन गेलीं. पण तीं घरांतल्या मंडळींच्या तोंडीं बसेनात. "पेटी" म्हणावें तर गाणाऱ्या घरांत पेटी एकच, ती भात्याची. आणि "नवी पेटी आणावयाची आहे" असें आम्ही एकदां बोलून गेलों तेव्हां जुनी पेटी विकून टाकणार कीं काय, अशी घरांत कुजबूज सुरू झाली. शेवटीं आम्हीं तिला दुभाष्या म्हणावयाचें ठरविलें. एका भाषेंतलें दुसऱ्या भाषेंत सांगावयाचें आणि सांगतांना पदरचें कांहीं घालावयाचें नाहीं, हा दुभाष्याचा धर्म. आमच्या मतें तोच या डबीचाही.

हा दुभाष्या कशासाठीं हवा होता हें सांगितल्यावांचून निवडीची चर्चा पोकळ होईल. आमच्या घरचें गाणें दोन ठिकाणीं आहे. एक पुण्यांत, आमच्या बिऱ्हाडीं, जेथें आमची कन्या रोज पहांटे रियाज करते आणि आठवड्यांतून एकदां तो मुद्रित करून परगांवीं असलेल्या आपल्या गुरुजींकडे पाठविते. दुसरें कुडाळच्या बाजूस, आमच्या आत्याच्या घरीं. आत्याला आतां चौऱ्यांशीवें वर्ष चालू आहे. तिच्या गाण्याला कोणी गाणें म्हणत नाहीं. तीही म्हणत नाहीं. त्या जात्यावरच्या ओव्या आहेत, हळदीचीं आणि लग्नांतलीं गाणीं आहेत. त्यांपैकीं फार थोडीं कोणीं उतरून घेतलीं आहेत, आणि जीं घेतलीं त्यांचे शब्द तेवढे कागदावर आले, चाल तिच्या गळ्यांतच राहिली. गेल्या दोन वर्षांत तिचा दम कमी झाला आहे. पूर्वीं एका श्वासांत जाणारी ओवी आतां दोन श्वासांत जाते. तेव्हां हें काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखें नव्हतें, आणि तिला पुण्यास आणून एखाद्या बंदिस्त स्टुडिओंत बसवावें ही कल्पना तर कोणाच्या मनांतही आली नाहीं. कांचेच्या भिंतीआड बसून ओवी म्हण, असें आत्याला सांगण्याची छाती आमच्या घरांत कोणाची नाहीं.

यावर पहिला आक्षेप घरांतूनच आला. प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, त्यांत आवाज मुद्रित होतो, मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? आक्षेप रास्त होता, पण त्याचें उत्तर कन्येच्या शिकवणीनेंच देऊन ठेविलें होतें. मोबाइल हा बोलण्यासाठीं केलेला आहे आणि तें काम तो चोख करतो. बोलणाऱ्याचा आवाज लहान झाला कीं तो आपण होऊन वाढवितो, मोठा झाला कीं दाबतो. आणि जो आवाज एकसारखा चालूं असेल तो पंख्याचा अगर मोटारीचा समजून पुसून टाकण्याचा यत्न करतो. आतां तंबोरा म्हणजे तरी काय? एकसारखा चालणारा आवाज! दूरस्थ शिकवणी चालली असतां तंबोरा मध्येंच नाहींसा होई आणि गुरुजी पलीकडून विचारीत, "तंबोरा कां थांबविलास?" तंबोरा बिचारा चालूच असे. मोबाइलच्या हिशेबीं तो पंख्याचा भाऊ. यांत मोबाइलला बोल लावण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यांनीं त्याला घडविलें त्यांच्या डोळ्यांपुढें बोलणारा मनुष्य होता, गाणारा नव्हता. हे सर्व उपचार बंद ठेवणारीं ॲप्स मिळतात, हेंही खरें. पण मोबाइलचा कान त्याच्या अंगालाच चिकटलेला. तो गाणाऱ्याच्या तोंडापाशीं आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यापाशीं एकाच वेळीं कसा न्यावा?

यंत्र उचलून गाण्याकडे नेण्याची खटपट कांहीं आजची नव्हे. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा मनुष्य समुद्र ओलांडून कलकत्त्यास आला, त्यानें एका हॉटेलांत आपलें कर्ण्याचें यंत्र मांडलें आणि गोहरजान त्या कर्ण्यापुढें गायिली. विजेचा मायक्रोफोन तेव्हां ध्वनिमुद्रणांत आला नव्हता. आवाजाच्या धक्क्यानेंच सुई हालावयाची आणि मेणावर रेघ उमटावयाची, व सारा राग तीन मिनिटांच्या सुमारास आटपावयाचा. १९३३ सालीं जॉन लोमॅक्स हा अमेरिकेंतील लोकगीतांचा संग्राहक आपल्या मुलासह दक्षिणेकडील तुरुंग आणि खेडीं हिंडला, तेव्हां त्याच्या मोटारींत जें तबकडी कोरण्याचें यंत्र होतें त्याचें वजन ३१५ पौंड, म्हणजे जवळजवळ १४३ किलो. आपल्याकडे हेमा राइरकर आणि गी प्वातव्हां या जोडीनें काम करणाऱ्या दोघां संशोधकांनीं खेडोपाडीं फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकीं पुष्कळांचें ध्वनिमुद्रणही झालें, आणि २०१७ पासून त्या "परी" या संकेतस्थळावर कोणासही ऐकतां येतात. त्यांत मुळशीकडच्या बायका पुष्कळ आहेत. त्या ऐकतां ऐकतांच आम्हांस आत्याच्या ओव्यांची टोचणी लागली. लोमॅक्सचें यंत्र उचलावयास दोन गडी लागले असते. आम्ही ज्या डब्या पाहिल्या त्यांपैकीं बहुतेकांचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास होतें. तेव्हां वजनाचा प्रश्न काळानेंच सोडविला आहे, आणि "सहज नेतां येणारी" या शब्दांचा अर्थ आतां निराळ्याच गोष्टींत पाहावा लागतो. तो कोणत्या, तें पुढें येईल.

दुकानांत गेल्यावर विक्रेत्या तरुणानें आम्हांस प्रथम आठ माइक लावतां येतील अशी डबी दाखविली. "पुढें लागतील," असें तो म्हणाला. हे "पुढें लागतील" शब्द ऐकले कीं आम्ही सावध होतों. आमच्या माळ्यावर पुढें लागतील म्हणून घेतलेल्या वस्तूंचें एक लहानसें संग्रहालय आहे. ज्यांच्या घरीं ड्रमचा संच वाजतो, त्यांना आठ माइकही लागूं शकतात. तबला आणि डग्गा यांना एकेक व गाणाराला एक असे तीन कोणास हवे असतील तर त्यानें चारांची घ्यावी. आमच्या पुण्याच्या घरीं एक गळा आणि एक तंबोरा. कुडाळला एक गळा आणि एक जातें. दोहों ठिकाणीं हिशेब दोनांवरच येतो. आठांची डबी भिंतींतल्या विजेवांचून चालत नव्हती हें तर तिला नाकारण्यास एकटेंच पुरेसें कारण होतें.

मग अंकांची पाळी आली. डबीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १,९२,००० असा आंकडा होता. सेकंदाला इतक्या वेळां ती आवाजाचें माप घेते. हा आंकडा ऐकून कोणासही वाटावें कीं, ज्याची मापें अधिक त्याचें चित्र अधिक हुबेहूब. पण गोष्ट तशी नाहीं. सेकंदाला जितकीं कंपनें पकडावयाचीं त्यांच्या दुपटीहून थोडीं अधिक मापें घेतलीं कीं तितक्या कंपनांपर्यंतचा आवाज पूर्णपणें पुन्हां उभा करतां येतो. अधिक मापांनीं त्यांत भर पडत नाहीं. मनुष्याच्या कानाची धांव फार तर २०,००० कंपनांपर्यंत, तीही तरुणपणीं. म्हणूनच कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं ४४,१०० मापें ठरलीं आणि चित्रपटादि कामांसाठीं ४८,०००. १,९२,००० मापांनीं ९६,००० कंपनांपर्यंतचा नाद साठवितां येईल. तो वटवाघळांस ऐकूं जातो असें म्हणतात, पण आमच्या मैफलीस वटवाघळें येत नाहींत. आम्हीं ४८,००० वर काम भागविलें आहे. दोन माइकांचें तासाभराचें मुद्रण त्यानें सुमारें एक जीबी जागा घेतें. १,९२,००० नें त्याच्या चौपट घेतलें असतें.

दुसरा आंकडा मात्र कामाचा आहे. प्रत्येक माप किती बारीक पट्टीनें घ्यावयाचें, हें बिटांत सांगतात. सोळा बिटांनीं अतिमंद आणि अतितीव्र आवाजांतलें अंतर सुमारें ९६ डेसिबलपर्यंत मांडतां येतें, चोवीस बिटांनीं तात्त्विक दृष्ट्या १४४ पर्यंत. प्रत्यक्षांत कोणतीही डबी इतकी शांत नसते. चांगल्यांपैकीं ज्या आहेत त्या ११० ते १२० च्या घरांत थांबतात. तरीही चोवीस बिटांचा एक मोठा फायदा गृहस्थास आहे. आवाज कांठोकांठ भरण्याची त्याला गरज पडत नाहीं. अंकांच्या भांड्याला वर एक ठाम कांठ आहे. त्याच्यावर आवाज गेला कीं तो सांडत नाहीं, चेपला जातो, आणि चेपलेला स्वर पुढें कोणत्याही उपायानें पूर्ववत् गोल होत नाहीं. म्हणून कांठापासून बारा डेसिबल तरी खालीं राहावें. आत्या एक ओवी पुटपुटल्यासारखी म्हणते आणि दुसरीला भावाचें नांव आलें कीं एकदम आवाज लावते. तिला "आत्या, सारखें म्हण" असें कोण सांगणार? हल्लीं कांहीं डब्या कांहीं सेकंद ऐकून आवाजाची पातळी आपली आपण ठरवितात. ऑडियंट कंपनीच्या ईव्हो-४ मध्यें २०२० सालीं ही सोय आली, फोकसराइटच्या स्कार्लेटच्या चौथ्या पिढींत २०२३ सालीं आली, आणि त्या पिढींत आवाज कांठापर्यंत चढूं लागला तर तो आपोआप खालीं ओढण्याचीही युक्ति आहे. ज्याला गावयाचें आणि यंत्रही सांभाळावयाचें अशा एकट्या माणसास ही सोय वरदानासारखी आहे. आमच्याकडे गाणारा एक आणि बटण फिरविणारा दुसरा, अशी कामाची वांटणी असल्यामुळें तिच्यावांचून अडलें नसतें.

आतां ज्या गुणाविषयीं खोक्यावर सर्वांत लहान टाइपांत लिहिलेलें असतें, आणि आमच्या मतें जो सर्वांत मोठा आहे, त्याकडे येऊं. तो म्हणजे क्षीण आवाज वाढवितांना आपली खरखर त्यांत न मिसळण्याचा. आमची कन्या पहांटे खर्जाचा रियाज करते. मंद्र सप्तकांतला तो स्वर शेजारच्या खोलींतही धड पोंचत नाहीं. घर रस्त्यावर असल्यामुळें आम्हीं साधा डायनॅमिक माइक घेतला आहे. तो जवळचें ऐकतो आणि दूरच्या रिक्षाकडे फारसें लक्ष देत नाहीं. पण या गुणाचें मोल असें कीं त्याच्यांतून निघणारा विद्युद्दाब मिलिव्होल्टाच्या एखाद्या अंशाएवढाच. असे कांहीं माइक ६० डेसिबल वाढ मागतात. म्हणजे दाब हजारपट करावा लागतो. आतां हजारपट करतांना दुभाष्याच्या स्वतःच्या पोटांतली जी कुरकुर असेल तीही हजारपट होऊन बाहेर पडते. हलक्या डबीचें बटण शेवटपर्यंत फिरविलें म्हणजे खर्जाच्या मागें पावसासारखा एक सळसळाट ऐकूं येतो. तो तंबोऱ्याच्या जवारींतच जाऊन मिसळतो, आणि पुढें तो काढूं जावें तर जवारी आधीं जाते.

यासाठीं आम्हीं दुकानांत एक साधी परीक्षा केली. आमचाच माइक बरोबर नेला, तो डबीला लाविला, कोणास बोलूं दिलें नाहीं, बटण पुरें फिरविलें आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबून ऐकलें. विक्रेत्यास या गिऱ्हाइकांचें नवल वाटलें असावें. लोक डबींतून गाणें ऐकावयास येतात, हे डबींतलें मौन ऐकावयास आले आहेत! पण तीन डब्यांतील मौनें इतकीं निरनिराळीं निघालीं कीं पुढची निवड पुष्कळ सोपी झाली. एकींत नुसता सळसळाट होता. दुसरींत त्याबरोबर एक बारीक शीळ होती. ती संगणकाच्या पोटांतून विजेच्या तारेवाटे आलेली. तिसरीला शांत म्हणतां येईल. ज्यांस आंकड्यांचा विश्वास वाटतो त्यांनीं एवढें पाहावें कीं, माइकच्या बाजूची खरखर उणें १२८ डीबीयू किंवा त्याहून खालीं आहे काय. याच्या फार खालीं जाणें सृष्टिनियमांसच मंजूर नाहीं, कारण १५० ओहमांचा साधा तारेचा रोधही खोलीच्या उष्णतेनें उणें १३१ च्या जवळपास कुजबुजत असतो.

आतां "सहज नेतां येणारी" याचा अर्थ. आत्याच्या घरीं जातें मागल्या पडवींत आहे. तेथें विजेचा एक दिवा आहे, प्लग नाहीं. असता तरी वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. म्हणून जी डबी लॅपटॉपच्या यूएसबी तारेंतूनच आपली वीज घेते तीच आमच्या कामाची. जुन्या यूएसबीची मर्यादा पांच व्होल्टांवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. एवढ्यांत डबीनें स्वतः चालावयाचें आणि कंडेन्सर जातीच्या माइकास लागणारे ४८ व्होल्टही पुरवावयाचे. चांगल्या डब्या हें करतात. वीज बॅटरीची असली कीं आणखी एक लाभ होतो, आणि तो आमच्या घरोघरीं अनुभवण्यासारखा आहे. लॅपटॉपचा चार्जर भिंतींत लाविलेला असला कीं पुष्कळदां मुद्रणांत एक बारीक घुमारा शिरतो. आपल्याकडील विजेचें आंदोलन सेकंदाला ५०. त्याचाच तो सूर, आणि तो बहुधा तंबोऱ्याच्या कोणत्याच तारेशीं जुळत नाहीं. चार्जर काढला कीं तो त्याच क्षणीं जातो. याच्या शोधांत लोक नव्या तारा आणि नवे माइक विकत घेतांना आम्हीं पाहिले आहेत.

सोबत आणखी एक गोष्ट पाहावी. डबी कोणत्याही संगणकास जोडतांच त्यानें तिला ओळखावें. तिच्यासाठीं निराळी प्रणाली उतरवून घेण्याची पाळी येऊं नये. याला त्या धंद्यांत "क्लास कंप्लायंट" म्हणतात. ॲपलचे संगणक आणि टॅब्लेट अशा डबीस तात्काळ ओळखतात. विंडोजवर मात्र उत्तम काम हवें असल्यास कंपनीचा ड्रायव्हर घरूनच घालून घ्यावा. पडवींत बसल्यावर, समोर आत्या पदर खोंचून तयार असतां, रेंज शोधीत अंगणांत फिरण्याचा प्रसंग कोणावरही येऊं नये. आमच्या एका स्नेह्यांवर तो आला होता. रेंज मिळाली तेव्हां गाणाऱ्या आजोबांची दुपारची झोंप सुरू झाली होती, आणि उठल्यावर त्यांना गावेंसें वाटलें नाहीं.

विलंबाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. आवाज डबींतून संगणकांत जाऊन परत कानीं येईपर्यंत कांहीं सहस्रांश सेकंद जातात, आणि गाणाऱ्यास आपलाच आवाज मागाहून आलासा वाटतो. हवेंत आवाज एका सहस्रांशांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा सहस्रांशांचा विलंब हा साडेतीन मीटरांवर बसलेल्या साथीदाराइतका. ख्याल गाणाऱ्यास तेवढा चालेल, दुगुनींत चालणाऱ्या तबलजीस खटकेल. बहुतेक डब्यांवर माइकचा आवाज संगणकास वळसा न घालतां सरळ कानीं देणारें बटण असतें. तें असावें, म्हणजे हा प्रश्न संपला.

शेवटीं आम्हीं मोटू कंपनीची एम-२ घेतली. ही कांहीं जाहिरात नव्हे. ईव्हो अगर स्कार्लेट घेतली असती तरी आमचें काम झालेंच असतें. एम-२ चें मौन आमच्या कानांस पटलें, आणि दुसरें कारण अगदीं म्हातारपणाचें आहे. तिच्या तोंडावर लहानसा रंगीत पडदा आहे, आणि आवाज किती चढला हें त्यावर खांबांसारखें दिसतें. बाकीच्यांवर तें बारीक दिव्यांनीं अगर रंगीत कड्यांनीं दाखवितात. चष्मा कपाळावर असतांना आम्हांस तें कळत नाहीं. कन्येनें काळ्या रंगाविषयीं नापसंती दर्शविली. ती नोंदवून घेण्यांत आली.

पावसाळ्यांत कोंकणांत मुद्रणास जाऊं नये, एवढें आम्हांस पूर्वींपासूनच ठाऊक होतें. कौलांवर पडणाऱ्या पावसापुढें कोणत्याही माइकाचें चालत नाहीं. थंडी पडल्यावर कोंकण रेल्वेनें कुडाळ गांठलें. सारा संसार एका खांद्यावरच्या पिशवींत मावला होता. तिच्यांत जागा उरली म्हणून कन्येनें चिवड्याचा डबाही घातला. लॅपटॉपचा पंखा वाजतो म्हणून तो आणि डबी आम्हीं माजघरांत ठेविली, आणि तेथून दहा मीटरांच्या माइकच्या तारा पडवींत नेल्या. या तारा बऱ्याच लांब नेल्या तरी बिघडत नाहीं, कारण त्यांत एकच स्वर सुलट आणि उलट अशा दोन तारांनीं जातो आणि वाटेंत दोहोंवर सारखाच बसलेला मळ शेवटीं वजाबाकींत निघून जातो. यूएसबीची तार मात्र पांच मीटरांपलीकडे नेऊं नये. या मांडणीमुळें आत्यासमोर फक्त दोन काठ्या आणि दोन माइक राहिले. तरी डबी तिनें आधीं पाहिलीच होती. हातांत घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "ह्यो डबो काय आयकतलो?"

आम्हीं सुचवून पाहिलें कीं, जात्यावांचून नुसत्या ओव्या म्हटल्यास मुद्रण अधिक स्वच्छ होईल. तिनें दोन म्हटल्या आणि तिसरीपाशीं अडली. शब्द आठवेनात असें नव्हे. ओवीला टेंकावयास कांहीं उरलें नव्हतें. मग सुनेनें नाचणी आणली, दोघी समोरासमोर बसल्या, खुंटा हातीं आला आणि तिसरी, चौथी, पांचवी अशा ओव्या आपण होऊन येऊं लागल्या. त्या घरघरीला मुद्रणाचा शत्रु समजून आम्ही पुण्याहून निघालों होतों असें नाहीं, पण ती ओवीची तालसोबत आहे हें कानांनीं कळलें तें तेथेंच. दळणारी बाई पुढें मागें झुलते. माइक अगदीं तोंडापाशीं ठेवावा तर आवाज हिंदोळतो. म्हणून गळ्याचा कंडेन्सर माइक हातभर अंतरावर, थोडा उंच धरला, आणि दुसरा जात्यापाशीं, पहिल्यापासून पुष्कळ दूर ठेविला. काठ्यांखालीं घडी घातलेल्या गोधड्या टाकल्या, नाहींतर जमिनींतून येणारा जात्याचा हादरा ओवीच्या वर चढला असता. गळा एका वाटेनें आणि जातें दुसऱ्या वाटेनें असें निराळें मिळाल्यामुळें, घरीं आल्यावर जातें किती ठेवावयाचें हें आम्हांस निवांत ठरवितां आलें. आम्हीं तें बरेंच ठेविलें आहे. मागें एक कोंबडा आरवतो, तोही ठेविला आहे.

गोहरजानच्या जुन्या तबकड्यांच्या शेवटीं ती इंग्रजींत आपलें नांव सांगते. त्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात, आणि गाणारी कोण हें तेथील कारागिरांस कळावें म्हणून ही चाल पडली असें सांगतात. चाल चांगली, म्हणून आम्हीं ती उचलली. दळण संपल्यावर म्हटलें, "आत्या, आतां तुझें नांव सांग, गांव सांग, आणि या ओव्या कोणाकडून आल्या तें सांग." तिनें सासरचें नांव सांगितलें, गांव सांगितला. मग जरा थांबून लग्नापूर्वींचें नांव सांगितलें. आमच्या पिढींत तें कोणास ठाऊक नव्हतें. ओव्या कोणाच्या, या प्रश्नास मात्र एकाच शब्दांत उत्तर आलें: "आवशीची."

त्या सकाळीं एकतीस ओव्या झाल्या. त्यांची एक प्रत निघण्यापूर्वींच तिच्या नातवाच्या संगणकावर ठेविली, दुसरी आमच्याकडे आहे आणि तिसरी कन्येच्या गुरुजींनीं आपण होऊन मागून घेतली. हळदीचीं गाणीं राहिलीं आहेत. त्यांना जातें लागत नाहीं, पण समोरून उत्तर देणारी दुसरी बाई लागते, आणि ती सध्यां मुंबईस लेकीकडे असते. तिचा पत्ता आम्हीं घेऊन ठेविला आहे. आत्या म्हणते, ती तिकडे जाईल, पण आंब्यांच्या आधीं.